अडीच मीटर पाणी

"मार्ग मी आखतो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता, हे आधीच सांगून ठेवतो. तोंडात घास असताना माणूस जे बोलतो ते अर्धवट ऐकू येतं आणि पुढे नाकबूल करता येतं, अशी माझी समजूत होती. बायकोला ते स्वच्छ ऐकू आलं. शेजारचे वकीलसाहेब वर्तमानपत्र परत द्यायला दारात उभे होते, त्यांनाही ऐकू आलं. त्यामुळे साक्षीदारासकट मी अडकलो.

प्रसंग असा होता. माझी थोरली बहीण, जिला आख्खं हॉस्पिटल मेट्रन म्हणतं आणि आम्ही ताई म्हणतो, वयाच्या बावन्नाव्या वर्षी लग्न करायला निघाली होती. नवरदेव समोरच्या बेटावरच्या शाळेचे हेडमास्तर. पाय मोडून हॉस्पिटलात आले आणि पाय बरा झाल्यावरही तपासणीला येत राहिले, इतके की शेवटी डॉक्टरांनीच त्यांना विचारलं, "तुम्हाला नक्की कुठे दुखतंय?" लग्न नोंदणी पद्धतीने, बेटावरच. पण नोंदणी अधिकारी बेटावर महिन्यातून एकदाच जायचा, शनिवारी सकाळी नऊला बसायचा आणि साडेअकराला आपल्या बोटीने परत. तारीख दोनदा पुढे गेली होती, दोन्ही वेळा ताईच्या वॉर्डात कुणीतरी अत्यवस्थ झालं म्हणून. "आता तिसऱ्यांदा चुकलं तर मी समजेन, ते व्हायचंच नाही," असं ताई म्हणाली होती. आणि नेमक्या त्याच महिन्यात बेटावर जाणारी नेहमीची प्रवासी बोट रंगरंगोटीसाठी धक्क्यावर चढवण्यात आली.

मी सिमेंटची पोती वाहणारी एक लाँच ठरवली. तिचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा इसम, अतिशय आनंदी होता. माझ्या मते माणसाने इतकं आनंदी असू नये.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"पोहोचेपर्यंत," तो म्हणाला.

"रस्ता कसा जातो?"

"साहेब, बेट समोर दिसतंय की! नाक तिकडे करायचं आणि जायचं. मध्ये वाळू लागते, तिला वळसा."

एवढ्यावर भागलं असतं. पण मालवाहू लाँचमधून माणसं न्यायची तर बंदर कचेरीला लेखी आराखडा हवा होता. कुठून कुठे, कोणत्या वळणावर किती वाजता, किती वेगाने. तांडेलाने हात झटकले. "कागदाचं काम तुमचं." आणि मग घरी जेवताना, तो घास तोंडात असताना, मी ते वाक्य बोललो.

माझ्या पात्रतेबद्दल दोन शब्द. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी नोंदवून घेतो. प्रवासाच्या दिशा मला दोनच ठाऊक, वर आणि खाली. शिवाय घरात मला 'आलोच' म्हणतात. फोनवर कुणीही "कुठे आहेस?" विचारलं की मी "आलोच" म्हणतो, आणि तेव्हा बहुधा मी टॉवेल शोधत असतो. अशा माणसाने बहिणीच्या लग्नाचं वेळापत्रक हाती घेतल्याचं कळल्यावर ताईकडून फोनवर नुसता श्वास सोडल्याचा आवाज आला. पेशंटला इंजेक्शन द्यायच्या आधी ती सोडते तसा.

मी बंदर कचेरीतून समुद्राचा नकाशा विकत आणला. तो जेवणाच्या टेबलापेक्षा मोठा निघाल्यामुळे आम्ही आठवडाभर ताटं मांडीवर घेऊन जेवलो. नकाशाभर बारीक आकडे विखुरले होते. वकीलसाहेबांनी चष्मा लावून ते पाहिले आणि "हे जमिनीचे सर्व्हे नंबर" असा निर्वाळा दिला. समुद्रात कुणाची जमीन असेल, असं मी विचारलं तेव्हा, "दावे कुठेही असू शकतात," असं म्हणून ते गंभीर झाले. ते आकडे पाण्याच्या खोलीचे असतात हे मला नकाशाच्या कोपऱ्यात वाचून कळलं. वकीलसाहेबांना मी ते सांगितलं नाही. शेजार राखायचा असतो.

मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, किनाऱ्यापासून बेटापर्यंत ताणला, नकाशावरच्या मापाशी लावला आणि अंतर काढलं. दुसऱ्यांदा मोजलं तर वेगळं आलं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. समुद्र हलतो हे मी ऐकून होतो, पण इतका? बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दोऱ्याचं टोक धरून तिने ओढलं, सोडलं, आणि तो सट्कन माझ्या बोटावर बसला.

"अहो, हा इलॅस्टिक आहे."

पुढे साधा दोरा घेतला. तरी कचेरीतल्या कारकुनाने पहिला आराखडा पुरता वाचायच्या आधीच परत केला.

"किलोमीटर?" तो म्हणाला, जसं काही मी अंतर पायलीने मोजून आणलं होतं. "समुद्रात सागरी मैल. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. आणि माप नकाशाच्या वरच्या कडेवरून घेतलंय तुम्ही. ते बाजूच्या कडेवरून घ्यायचं."

"दोन्ही कडा एकाच नकाशाच्या ना?"

"तुम्ही आणि तुमचे मेहुणे एकाच घरचे असता. पगार सारखा असतो का?"

दुसरा आराखडा मी सागरी मैलांत केला, बाजूच्या कडेवरून मापून. सरळ रेघ, नऊ मैल, पट्टी ठेवून मारलेली, इतकी देखणी की मी ती ऑफिसात दोघांना दाखवली. कारकुनाने रेघेवर बोट फिरवत नेलं आणि मध्यावर थांबवलं.

"इथे वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला अर्धा मीटर पाणी. तुमची लाँच दीड मीटर बुडते. तिला चाकं आहेत का?"

मागच्या रांगेत लोक हसले. एक बाई तर पदराआड हसल्या, आणि ते जास्त लागतं. मी नकाशा गुंडाळला आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो. म्हणजे पडणार होतो. गुंडाळी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना अडकली.

त्या अपमानाने माझ्यात काहीतरी जागं झालं. मी भरती-ओहोटीचं कोष्टक आणलं. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, कुठल्या तासाला सगळ्यात जोरात चढतं, हे मी जेवताना, दाढी करताना, लिफ्टची तक्रार घेताना मनात घोळवू लागलो. एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं की ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेत, तर मी विचारलं, "भरती कधी आहे?"

राहिला वेग. तांडेल म्हणाला होता, "दहा नॉट. आरामात." माझा त्याच्या आरामावर विश्वास नव्हता. एका दुपारी मी घड्याळ घेऊन लाँचवर चढलो आणि नकाशावर बरोबर एक मैल अंतर असलेल्या दोन तरंगत्या पिंपांमधून तिला पळवली. समुद्राकडे जाताना आठ नॉट भरले. मी तांडेलाशी हस्तांदोलन केलं. परत येताना पाच.

"इंजिन थकलं का?" मी विचारलं.

"पाणी बाहेर चाललंय साहेब. ओहोटी. जाताना ढकलत होतं, येताना अडवतंय."

म्हणजे लाँचचा स्वतःचा वेग या दोन्हींच्या मधला, साडेसहा, आणि पाण्याचा दीड. हे मी जागेवर, कागदाशिवाय काढलं. आजूबाजूला दाद द्यायला एक बगळा तेवढा होता.

तिसरा आराखडा सांगतो, कारण तो मला अजून पाठ आहे. शनिवारी सातला ओहोटी संपते आणि पाणी थांबतं, पहिले दोन तास भरतीलाही जोर नसतो. सातला निघायचं. बंदराच्या हद्दीत चार नॉटची मर्यादा, दोन मैल, अर्धा तास. मग वाळूला वळसा घालून दहा मैल, साडेसहाच्या वेगाने, सुमारे दीड तास. नऊच्या ठोक्याला बेट. नोंदणी अधिकारी खुर्चीवर बसतोय तोवर नवरी दारात.

कारकुनाने तो दोनदा वाचला, त्यात चूक शोधली, सापडली नाही म्हणून पेन्सिल शोधली, आणि शेवटी शिक्का मारला. इतक्या जोरात, की टेबलावरचा त्याचा चहा सांडला. तो माझ्या आयुष्यातला पहिला शिक्का जो मारताना समोरच्याला त्रास झाला.

शनिवारी साडेसहालाच मी धक्क्यावर हजर होतो. बायको होती, वकीलसाहेब होते (अंगाने भरदार, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात दुर्बीण), ताईच्या हॉस्पिटलातल्या दहा-बारा नर्सेस होत्या. पोती काढून लाँच धुतली होती. तांडेलाने आनंदाने भोंगा वाजवला. सगळं होतं. ताई नव्हती.

सात वाजले. ताई नव्हती. फोन लागेना. जी बाई तीस वर्षांत एकदाही उशिरा आली नाही, जिच्या येण्यावर हॉस्पिटलातले लोक घड्याळ लावत, ती नव्हती. आणि 'आलोच' मात्र शिक्का मारलेला आराखडा घेऊन उभा होता. हा काव्यगत न्याय असेल तर कुणी केला मला माहीत नाही, पण त्याला वेळेचं भान नव्हतं.

आठपर्यंत वाट पाहून मी टॅक्सी करून गाव ओलांडून तिच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. ताई तयार होऊन, केस नीट बांधून, भरलेल्या बॅगेवर बसली होती. खुर्ची रिकामी होती, पण ती बॅगेवर बसली होती.

"त्यांना सांग, माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली.

"दुखतंय?"

"नाही."

मी खुर्चीवर बसलो. घड्याळाकडे पाहायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना बरं करून घरी पाठवलं. गेटपर्यंत जायचं, हात हलवायचा आणि परत वॉर्डात. मला परत फिरता येतं. पुढे कसं जायचं ते येत नाही. आणि या वयात, नर्स पोरींसमोर नवरी म्हणून उभं राहायचं? हसतील त्या."

"त्या धक्क्यावर रडताहेत. तू आली नाहीस म्हणून."

"खरंच?"

"दोघी तर जोरात. वकीलसाहेबांनी त्यांना आपली दुर्बीण दिली, तेव्हा कुठे थांबल्या."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी अशा प्रसंगांचा माणूस नाही. खिशातून आराखडा काढून तिच्या मांडीवर पसरला. "हे बघ ताई. जन्मात पहिल्यांदा मी वेळेच्या आधी कुठेतरी उभा होतो. लहानपणापासून तू माझी वाट पाहिलीस. शाळेच्या फाटकाशी पाहिलीस, स्टेशनवर पाहिलीस, माझ्या स्वतःच्या लग्नात पाहिलीस. आज मी तुझी पाहिली. फार वाईट वाटतं गं. त्या हेडमास्तरांना तेच कशाला करायला लावतेस?"

तिने आराखड्यावरचा शिक्का पाहिला. सगळ्या वेळा वाचल्या. मग तिने मोठ्याने नाक शिंकरलं, उठली, बॅग माझ्या हातात दिली आणि मेट्रनच्या आवाजात म्हणाली, "बसलास काय? उशीर झालाय!"

खरंच झाला होता. धक्क्यावरून सुटायला सव्वानऊ वाजले.

आता पाणी उलटलं होतं. भरती आत येत होती, म्हणजे आमच्या तोंडावर. साडेसहातून दीड गेले, पाच उरले. अर्धा तास बंदरात, दहा मैलांना दोन तास. पावणेबारा. नोंदणी अधिकारी साडेअकराला गेलेला. मी हे तीनदा केलं. तीनदा पावणेबाराच आले. अंकगणितात ओळखीचा उपयोग होत नाही.

"मध्येच इंजिन जोरात करू," तांडेल म्हणाला. "पोहोचू हो साहेब."

बायको माझ्याकडे पाहत होती. ताई मुद्दाम पाहत नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "मी म्हणत होतो, सरळ रेघेत चला."

आणि तिथे माझं डोकं पेटलं. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं, ते सोडा. पण सरळ रेघ! वाळूवर ओहोटीला अर्धा मीटर पाणी. पण ओहोटी संपून आम्ही तिथे पोहोचेपर्यंत साडेतीन तास होणार. भरती मधल्या तासांत सगळ्यात जोरात चढते. कोष्टक उघडलं, बोट फिरवलं, दोन मीटर. दोन आणि अर्धा, अडीच. लाँच बुडते दीड. खाली एक मीटर पाणी शिल्लक! आणि सरळ गेलं तर बंदराबाहेर दहाऐवजी सातच मैल. अकरा-सव्वाअकरापर्यंत बेट.

"सरळ घे," मी तांडेलाला म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पहिल्यांदाच गेला. "वाळूवरून? साहेब, माझे काका तिथे अडकले होते. लोक अजून त्यांना वाळूकाका म्हणतात."

"किती वाजता अडकले?"

"म्हणजे?"

"ओहोटीला की भरतीला?"

तो विचारात पडला. "ओहोटीला."

"मग सरळ."

मी इतक्या अधिकाराने कधी बोललो नव्हतो. बायकोने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. तांडेलाने सुकाणू फिरवलं आणि लाँचचं नाक बेटाकडे झालं.

मी लांब बांबू घेऊन पुढे उभा राहिलो. त्यावर ताईने आपल्या बॅगेतल्या चिकटपट्टीने मापाच्या खुणा करून दिल्या. पाण्याचा रंग निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळट. खाली वाळूच्या लाटा दिसू लागल्या. "अडीच!" मी ओरडलो. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. "सव्वादोन!" टाळ्या थोड्या कमी. "दोन!" कुणीच वाजवल्या नाहीत. "पावणेदोन..." वाळू आपली जागा बदलते, हे नकाशावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. बारीक अक्षरांचं काय असतं, ते मी विमा उतरवताना शिकायला हवं होतं.

मग मागून एक ओढल्यासारखा आवाज आला आणि लाँच हळूच, अगदी सभ्यपणे, थांबली.

"वाळूकाका," तांडेल पुटपुटला.

ताईने डोळे मिटले. आता भरती आणखी चढायची वाट पाहत बसलो तर लाँच तरंगणार नक्की, पण कधी? आणि मग अठरा वर्षांची नोकरी कामाला आली. लिफ्टचा पाळणा अडकला की आम्ही लोकांना सांगतो, एका बाजूला गर्दी करू नका. आवाज मागून आला होता. लाँचचं मागचं टोक सगळ्यात खोल, इंजिन तिथे, आणि दुर्बिणीने बेट नीट दिसावं म्हणून सगळं वऱ्हाड वकीलसाहेबांभोवती मागच्या उंच फळीवर जमलेलं.

"सगळे पुढे या! वकीलसाहेब, आधी तुम्ही!"

"मीच का?"

"आपलं वजन आहे म्हणून!"

त्यांनी याचा अर्थ सामाजिक घेतला, आणि समाधानाने, टोपी सावरत, पुढच्या टोकाला येऊन बसले. मागोमाग नर्सेस आल्या, बायको आली, ताई आली. पुढचं टोक दबलं, मागचं उचललं गेलं, तांडेलाने इंजिनला जोर दिला. लाँच थरथरली, किंचाळली आणि सुटली.

"दोन!" मी ओरडलो. "अडीच! साडेतीन! लागत नाही! लागतच नाही!"

त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात तांडेलाचा भोंगा ऐकूच आला नाही.

बेटाच्या धक्क्यावर नोंदणी अधिकाऱ्याचा एक पाय त्याच्या बोटीत होता. दुसरा हेडमास्तरांनी जवळजवळ धरून ठेवला होता. त्या गृहस्थांनी सकाळपासून अधिकाऱ्याला थोपवण्यासाठी शाळेतला प्रत्येक बाक, हौदातलं कासव आणि सातवीचे सगळे निबंध दाखवले होते. आता ते पावसाच्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होते. आमची लाँच ज्या बाजूने कुणीच येत नाही त्या बाजूने आलेली पाहून त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"कचेरीची वेळ..." अधिकारी म्हणाला.

"साडेअकरापर्यंत आहे," मी लाँचवरून म्हणालो. "आता अकरा वाजून बारा मिनिटं झाली."

त्याने घड्याळ पाहिलं. पाय बोटीतून बाहेर घेतला.

लग्न धक्क्यावरच लागलं. वारा इतका होता की कागद एका टोकाला बायकोच्या पर्सखाली आणि दुसऱ्या टोकाला वकीलसाहेबांच्या दुर्बिणीखाली ठेवावा लागला. अधिकाऱ्याने उशिराचं कारण विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार, तोच ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "मी घाबरले होते. उशीर माझा. वेळेवर आणलं माझ्या भावाने." हेडमास्तर तिच्याकडे वळून म्हणाले, "मीसुद्धा घाबरलो होतो. म्हणून इतके निबंध दाखवले." मग दोघांनी सह्या केल्या. नर्सेस पुन्हा रडल्या, पण या वेळी दुर्बीण कुणी मागितली नाही. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीखालची रेघ जरा लांब मारली.

हेडमास्तरांच्या घरी चहापाणी झालं. निघताना ताई गेटपर्यंत आली, मग धक्क्यापर्यंत आली, आणि हात हलवून झाल्यावर नवऱ्याबरोबर वरच्या रस्त्याला लागली. न वळता. मी ते पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत वाऱ्याने काहीतरी गेलं.

लाँचजवळ नोंदणी अधिकारी बॅग घेऊन उभा होता.

"तुमच्या वाटेने लवकर पोहोचता येतं ना? मला घरी जेवायला जायचंय."

मी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, थोडा वेळ घेतला. अशा वेळी थोडा वेळ घ्यावा. "येतं," मी म्हणालो. "पाणी अजून चढतंय. आणि आता ते आपल्याला ढकलेल."

तो चढला. त्याचा नावाडी रिकामी बोट घेऊन आमच्या मागे निघाला. ते पाहून मासे घेऊन शहराकडे निघालेल्या दोन होड्यांनीही आपला नेहमीचा वळसा सोडला आणि नाकं आमच्याकडे वळवली. तांडेलाने न विचारता बांबू माझ्या हातात दिला. मी पुढच्या टोकाला उभा राहून एकेक माप ओरडू लागलो आणि प्रत्येक बोटीतून ते तिच्या मागच्या बोटीसाठी ओरडून सांगितलं जाऊ लागलं. पाण्यावरून माझा आकडा लांबवर जाताना मला ऐकू येत होता.

मी वळून पाहिलं नाही. सगळ्यात पुढे जो असतो त्याने समोर पाहायचं असतं. पण बायकोने माझा सदरा मागून घट्ट धरला होता, आणि ती मान वळवून वळवून मला सांगत होती, "येताहेत हो. सगळे तुमच्याच मागून येताहेत."